ऑटो काढू नका, ऑटोला रांगेत उभं करा



रब्बी सुरू झाली की आपल्याकडं दोन गोष्टी हमखास होतात. हरभऱ्याला पहिलं पाणी लागतं आणि गावोगावच्या डीपी जळायला लागतात. मग वर्गणी, ट्रॅक्टर, ऑफिसच्या चकरा, आणि तोवर पीक माना टाकतं. यावर दरवर्षी महावितरणचं एक आवाहन ठरलेलं असतं : कृषी पंपाचे ऑटोस्विच काढून टाका आणि कॅपॅसिटर बसवा. कॅपॅसिटरचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, त्यात वाद नाही. पण ऑटो काढा हे मला पटत नाही, आणि का पटत नाही ते आज जरा सविस्तर लिहितो. लांब झालं तर सांभाळून घ्या.

ऑटो काढला तर मोटार चालू करायला माणूस लागतो. आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री लाईट, ही पाळी सगळ्यांना माहीत आहे. रात्री बारा-एकला थ्री फेज आली तर पन्नाशी-साठीच्या माणसानं बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं? साप आहे, विंचू आहे, रानडुकरं आहेत, आता बऱ्याच शिवारांत बिबट्याची भीती आहे. पोरं शहरात. घरी राहिलेली माणसं आमच्या वयाची. त्यांना ऑटो काढा म्हणणं म्हणजे एकतर पाणी देऊ नका म्हणणं, नाहीतर जीव धोक्यात घाला म्हणणं. म्हणून लोक ऐकत नाहीत, आणि पुढंही ऐकणार नाहीत.

पण महावितरणची तक्रार खोटी नाही. ती नीट समजून घ्या, कारण औषध त्यातच आहे.

समजा ६३ केव्हीएची डीपी आहे. तिची पूर्ण ताकद एका फेजला साधारण ८५ अँपिअर. तिच्यावर ५ एचपीच्या १० मोटारी आहेत. चालू मोटार ८ अँपिअर घेते असं धरा, म्हणजे दहा मोटारींचे ८० अँपिअर. डीपी काठावर का होईना, ओढते. पण मोटार सुरू होताना ८ घेत नाही. डायरेक्ट स्टार्टरवर ती पहिल्या क्षणाला सहापट खाते, म्हणजे ४८ च्या आसपास. एकटी असेल तर सेकंद-दोन सेकंदांत पळायला लागते आणि आकडा खाली येतो. आता दहाही जणांचे ऑटो एकाच वेळी पडले तर? ४८० अँपिअर मागितले जातात ८५ च्या डीपीकडं. व्होल्टेज धाडकन खाली बसतं. आणि खरी गोम इथं आहे. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणं कमी होतो. व्होल्टेज ७० टक्क्यांवर आलं की जोर निम्म्यावर येतो. मग मोटार पळत नाही, नुसती गुरगुरते, आणि पळत नाही म्हणून तो सहापट करंट सोडतही नाही. जी गोष्ट दोन सेकंदांत मिटायची ती लांबत जाते. फ्यूज उडाला तर नशीब. फ्यूजच्या जागी कुणी जाड तार घातलेली असेल, आणि असतेच, तर डीपीचं वाइंडिंग तापतं.

म्हणजे भांडण ऑटोशी नाही. सगळे ऑटो एकाच ठोक्याला पडतात, त्याच्याशी आहे.

आता हे मला सुचलं कुठून ते सांगतो. माझा पुतण्या नवी मुंबईत ऐरोलीकडं एका डेटा सेंटरमध्ये कामाला आहे. आयटीआय झालेला पोरगा, काम विजेचंच. दिवाळीला आला की विहिरीवर बसून त्याच्या कामाचं ऐकायची मला सवय आहे. पहिल्या वर्षी मला वाटलं कॉम्प्युटरचं काहीतरी असेल, आपल्याला काय कळणार. पण तो बोलायला लागला आणि मला आमची डीपी दिसायला लागली.

डेटा सेंटर म्हणजे काय? आपण मोबाईलवर फोटो टाकतो, पैसे पाठवतो, सातबारा काढतो, हे सगळं कुठल्या तरी मोठ्या इमारतीतल्या मशीनवर साठतं आणि चालतं. त्या मशीनला सर्व्हर म्हणतात. ऐरोली, महापे, रबाळे, पनवेल या पट्ट्यात अशा इमारती उभ्या राहिल्यात. पनवेलजवळचं योट्टा कंपनीचं एक केंद्र २०२० साली सुरू झालं, त्याची क्षमता ७,२०० रॅकची आहे. रॅक म्हणजे लोखंडी कपाट. आत १९ इंच रुंदीचे खण, एकेक खण पावणेदोन इंच उंच, साधारण ४२ खण एकावर एक. त्यात सर्व्हर सरकवलेले असतात. साधं कपाट ५ ते १० किलोवॅट वीज खातं, म्हणजे आपल्या पाचच्या एक ते तीन मोटारी. आता हे एआय आलंय ना, त्याचं एक कपाट १२० किलोवॅटपर्यंत जातं. ५ एचपीच्या ३२ मोटारी. आमच्यासारख्या तीन डीपींचं शिवार एका कपाटात!

या कपाटाला वीज वाटायला मागच्या बाजूला एक उभी पट्टी असते, तिला पीडीयू म्हणतात. दिसायला आपल्या घरातल्या एक्स्टेन्शन बोर्डासारखी, फक्त उंच, आणि वीस-पंचवीस किंवा जास्त सॉकेटची. पण तिला नेटवर्कची वायर जोडलेली असते. ती पट्टी सांगते की अमुक सॉकेटवर एवढे अँपिअर चालू आहेत. तीत चांगल्या प्रतीची असेल तर ऑफिसात बसून एकेक सॉकेट चालू-बंद करता येतं. कपाटाला बहुधा अशा दोन पट्ट्या असतात, दोन वेगळ्या लाईनींवरच्या, एक गेली तर दुसरीवर चालावं म्हणून.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. वीज जाऊन परत आली तर या पट्ट्या सगळी सॉकेट एकदम चालू करत नाहीत. प्रत्येक सॉकेटला थांबायचा वेळ लावून दिलेला असतो. हे पहिलं, दोन सेकंदांनी ते दुसरं, मग तिसरं. कारण सर्व्हर पण सुरू होताना झटका घेतो, त्याचे पंखे पहिल्यांदा पूर्ण वेगानं फिरतात. हजारो मशीनं एकदम उठली तर त्यांचाही फ्यूज उडेल.

मी पुतण्याला म्हटलं, म्हणजे तुमच्याकडं पण ऑटो आहेत की रे! तो हसला, म्हणाला, आहेत काका, पण आमचे ऑटो रांगेत उभे राहतात.

एवढंच आहे हे. कोट्यवधींच्या इमारतीत ऑटो काढून टाका असं कुणी म्हणत नाही. ऑटोला शिस्त लावतात. शेतकऱ्याला मात्र सांगतात ऑटोच काढ.

पुढचं ऐका, कारण कृषी आणि विद्युत दोन्ही खात्यांतले काही साहेब हे पान वाचतात, त्यांच्यासाठी आहे. नुसतं रांगेत सुरू करून भागत नाही. चालू झाल्यावर बेरीज डीपीच्या ताकदीपुढं जाऊ नये, हे कुणीतरी बघायला पाहिजे. डेटा सेंटरवाल्यांनी हे कसं केलं? फेसबुकच्या इंजिनिअरांनी २०१६ साली डायनॅमो नावाची त्यांची पद्धत लिहून जगापुढं ठेवली. प्रत्येक सर्व्हरमध्ये एक छोटा प्रोग्राम, तो आपण किती वीज खातोय ते सांगतो. काहीशे सर्व्हर मिळून एक खालचा कारभारी, तो दर तीन सेकंदांनी सगळ्यांना विचारतो आणि बेरीज करतो. त्याच्या वर मोठा कारभारी, तो खालच्या कारभाऱ्यांची बेरीज बघतो. आपल्या भाषेत डीपीचा कारभारी, मग फिडरचा कारभारी, मग सबस्टेशनचा. बेरीज मर्यादेजवळ आली की खालचा कारभारी कमी महत्त्वाच्या कामाच्या मशीनला आधी सांगतो, जरा हळू चाल. बंद कर म्हणत नाही, हळू चाल म्हणतो. त्यांनी लिहिलंय की सहा महिन्यांत या पद्धतीनं १८ वेळा वीज ट्रिप व्हायची वाचली.

यात मला दोन गोष्टी आवडल्या. एक म्हणजे वीज जिथं वाटली जाते तिथंच कारभारी बसवलाय. मुंबईत एक मोठा साहेब बसवून त्याला गावोगावची बेरीज करायला लावली नाही. दुसरी, कुणाला आधी हळू करायचं हे आधीच ठरलेलं आहे. ऐनवेळी भांडण नाही.

आपल्याकडं मात्र एक अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. सर्व्हर हळू चालतो, आपली मोटार हळू चालत नाही. ती एकतर चालू नाहीतर बंद. ड्राइव्ह लावला तर हळू चालते, सौर पंपाच्या कंट्रोलरमध्ये तो असतोच, पण डीपीवरच्या साध्या पंपाला ड्राइव्ह बसवणं आज कुणाला परवडणार? म्हणून आपल्याला हळू चालण्याऐवजी पाळी लावावी लागेल. आठ तासांत दहाच्या दहा मोटारी पूर्णवेळ चालायची गरज असतेच असं नाही. ठिबकवाल्याला दोन-तीन तास पुरतात. पाटानं गहू भिजवणाऱ्याला आठही कमी पडतात. विहिरीला पाणीच नसेल तर मोटार दोन तासांत ड्राय होते.

मग पहिली पाळी कुणाची? हा प्रश्न यंत्राचा नाही, बांधावरचा आहे. माझं मत स्पष्ट आहे. मोसंबीवाल्यानं जानेवारीत ताण तोडला, आंबवणी दिली, आणि चिंबवणीच्या वेळेला डीपी गेली तर बहार हातचा जातो, वर्षाचं उत्पन्न जातं. त्या आठवड्यात त्याला पहिली पाळी द्यावी. तसंच बियाण्याचा प्लॉट परागीकरणात असेल तर त्याला. आपल्या जिल्ह्यात सीड प्लॉट किती आहेत ते सांगायला नको. पण याच्या बदल्यात त्या माणसानं बाकीच्या आठवड्यात मागं सरकलं पाहिजे. बागाईतदार म्हणून कायम पहिला, असं चालणार नाही. आणि कागदावर पाचची मोटार दाखवून साडेसातची सोडणारा जो असतो, प्रत्येक डीपीवर एक तरी असतो, त्याचा नंबर शेवटी. त्याला राग आला तर येऊ द्या. तो बाकीच्या नऊ जणांचे अँपिअर खातोय.

जालना एमआयडीसीत सळईचे कारखाने आहेत, त्यांच्या भट्ट्या वीज कशी खातात ते सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी ठरवून घेतलेल्या केव्हीएच्या वर गेलं की बिलात दंड लागतो. म्हणून त्यांच्याकडं मागणीवर नजर ठेवायला मीटर आणि माणूस दोन्ही असतात. आपल्याला असा दंड लागत नाही. आपला दंड म्हणजे जळालेली डीपी, आणि तो चोराबरोबर सावालाही भरावा लागतो.

आता मोबाईल स्टार्टरबद्दल. आजकाल बऱ्याच जणांनी सिमकार्डचे स्टार्टर बसवलेत, घरी बसून मोटार चालू-बंद होते, लाईट आली-गेली याचा फोन येतो. चांगली वस्तू आहे, मीही वापरतो. पण डेटा सेंटरशी ताडून बघितलं तर तीन गोष्टी खटकतात.

पहिली, नेटवर्कवर किती विसंबायचं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम सगळं सहा तासांच्या आसपास बंद पडलं होतं, आठवत असेल. देखभालीच्या कामात एक कमांड चुकली आणि त्यांचं आतलं जाळं तुटलं. त्याच जाळ्यावरून दुरुस्ती करायची होती! अडचणीसाठी ठेवलेला वेगळा रस्ताही चालला नाही, शेवटी माणसं प्रत्यक्ष इमारतीत पाठवावी लागली. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर आपल्या शिवारातल्या एका टॉवरचं काय? लाईट जास्त वेळ गेली की टॉवरची बॅटरी उतरते, रेंज जाते, आणि नेमकं लाईट येते तेव्हा स्टार्टर ऐकत नाही. म्हणून माझं ठाम म्हणणं आहे : थांबायचा वेळ पेटीतल्या टायमरमध्ये असावा, मोबाईलच्या अॅपमध्ये नाही. नेटवर्क असो-नसो, पेटीनं आपली पाळी पाळलीच पाहिजे. मोबाईल फक्त बदल करायला आणि बघायला.

दुसरी, कुलूप. सर्व्हरमध्ये एक छोटी चिप असते, बीएमसी म्हणतात. सर्व्हर बंद असला तरी ती जागी असते, आपल्या स्टार्टरमधली बॅटरीवरची सिमची प्लेट जागी असते तशी. तिला लांबून सांगितलं की सर्व्हर चालू होतो, बंद होतो. म्हणजे ती चिप ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळं. म्हणून शहाणी माणसं तिचं नेटवर्क एकदम वेगळं ठेवतात, बाहेरच्या इंटरनेटला उघडं टाकत नाहीत, आणि कंपनीतून आलेला पासवर्ड पहिल्या दिवशी बदलतात. आपण काय करतो? स्टार्टर कंपनीतून येतो तोच आकडा पिन म्हणून राहतो, आणि बसवणाऱ्या पोराच्या फोनमध्ये अर्ध्या गावाच्या मोटारींचे नंबर असतात. भावकीत वाद झाला तर कुणीही रात्री मोटार सोडून विहीर रिकामी करील. पिन बदला. आजच बदला.

तिसरी गोष्ट साहेबांसाठी. सर्व्हर बनवणाऱ्या कंपन्या एकमेकींच्या वैरी असतात. तरी १९९८ मध्ये इंटेल, एचपी, डेल, एनईसी यांनी मिळून आयपीएमआय नावाची एक सामायिक भाषा ठरवली, की कुठल्याही कंपनीच्या मशीनला चालू-बंद आणि तापमान विचारायची रीत एकच असावी. २०१५ नंतर तिच्या जागी रेडफिश नावाची नवी भाषा येत गेली. आपल्या स्टार्टरवाल्यांचं काय? दहा मोटारी, पाच कंपन्या, पाच अॅप, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. मग डीपीचा कारभारी बेरीज करणार कुणाची? शासन अनुदान देतं त्या प्रत्येक पंपाला, स्टार्टरला एक सामायिक भाषा सक्तीची करावी. अनुदानाच्या अटी लिहिताना दोन ओळी वाढतील, बाकी काही नाही. कृषी विज्ञान केंद्रांनी हे लावून धरायला हरकत नाही.

कुणी म्हणेल, आता सौर आलंय, ही कटकट संपणार. अर्धं खरं आहे. ज्याला स्वतःचा सौर पंप मिळाला त्याची डीपीतून सुटका झाली. (त्याच्या कंट्रोलरमध्येही सिम असतं, पंप किती चालला याची माहिती वर जाते. ती माहिती शेतकऱ्याच्या फोनवरही आली पाहिजे, पाणी त्याचं आहे.) पण मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत, म्हणजे २०२३ नंतर जी दुसरी फेरी सुरू झाली तिच्यात, फिडर सौरवर जातो. तारा त्याच, डीपी तीच, मोटारी त्याच. शेजारी वैजापूर तालुक्यात धोंदलगावला त्यातला सुरुवातीचा प्रकल्प झाला. दिवसा लाईट मिळते ही मोठी गोष्ट आहे, रात्रीचं मरण टळतं. पण सकाळी लाईट आली की ऑटो मात्र पहिल्यासारखेच एका ठोक्याला पडणार. उलट सगळ्यांनाच दिवसा पाणी द्यायचं म्हटल्यावर गर्दी वाढेल. तेव्हा रांग लागणारच आहे.

आम्ही आमच्या डीपीवर काय केलं ते सांगतो. फार मोठं नाही. दहा मोटारी आहेत. बहुतेक ऑटोमध्ये लाईट आल्यावर किती वेळानं पडायचं त्याचा टायमर असतो, एखादं बटण किंवा फिरकी असते, ती कुणी हात लावत नाही म्हणून कंपनीनं ठेवली तिथंच असते. जुन्या पेट्यांत नाही, तिथं वेगळा टायमर टाकला. एका फवारणीच्या औषधापेक्षा कमी खर्च. लाईट आली की ती आधी दोन-तीन झटके मारते, म्हणून पहिल्या मोटारीला ३० सेकंद दिले. पुढं प्रत्येकी २० सेकंदांचं अंतर. स्वस्त टायमर दोन-चार सेकंद इकडंतिकडं होतात म्हणून अंतर जरा सैल ठेवलं. शेवटची मोटार साडेतीन मिनिटांत चालू. आता वाईटात वाईट हिशोब करा : नऊ मोटारी चालू, त्यांचे ७२, आणि दहावी सुरू होताना ४८. एकूण १२०, तेही सेकंद-दोन सेकंद. ४८० कुठं आणि १२० कुठं. शिवाय प्रत्येक ५ एचपीला २ केव्हीएआरचा कॅपॅसिटर टाकला, त्यानं चालू करंटही थोडा उतरतो. हे काम वायरमनकडून, वरून लाईट बंद करून घेतलं. कुणीही पेटी उघडून स्वतः हात घालू नका.

नंबर लिहिलेला कागद प्रत्येकाच्या पेटीच्या दारावर आतून चिकटवलाय. तीन आठवड्यांत लाईट येताना फ्यूज उडालेला नाही. हंगाम अजून बाकी आहे, उन्हाळी बाकी आहे, तेव्हा यापुढचं तेव्हा सांगीन. पाळीचं, म्हणजे कुणी किती तास चालवायचं याचं, अजून एकमत नाही. त्यावर दोन बैठका झाल्या आणि दोन्ही चहावर संपल्या.

आणि दहा जणांतला एक गडी शेवटपर्यंत टायमर लावायला तयार झाला नाही. म्हणाला, माझी मोटार लाईट आली की लगेच पडली पाहिजे, मी कुणाच्या मागं थांबणार नाही. बाकीचे चिडले. मी म्हटलं, राहू द्या. बाकी नऊ जण थांबलेले आहेत, म्हणजे हा एकटाच सुरू होतो, डीपीला त्याचा काहीच त्रास नाही. कागदावर त्याच्या नावापुढं एक नंबर टाकला आणि पहिल्या नंबरवाल्याला दोनवर सरकवलं.